हात मागे

गुजरातच्या हद्दीवर, अच्छाडच्या नाक्यावर गवताचा ट्रक पुढे आला, की आमच्या कंपनीच्या बसचा ड्रायव्हर शिव्या घालतो. दोन्ही बाजूंनी पोट सुटलेला ट्रक, वरून दोरखंड आवळलेले, मागचा नंबर दिसत नाही, आरसा दिसत नाही आणि पुढे जायला वाट काही मिळत नाही. बसमधले बाकीचे घड्याळ बघत चुळबुळतात, कारण वापीला उशिरा पोचलं की हजेरीवर लाल शेरा. मी मात्र खिडकी उघडते. वाळलेल्या गवताचा तो गोडसर, नाकात टोचणारा वास आत येतो आणि मला आपसूक कुणाशी तरी भांडावंसं वाटायला लागतं.

लोकांना म्हणे वासाने आजोळ आठवतं. मला दोन हजार सतराच्या दिवाळीनंतरचा माळ आठवतो आणि जबडा आवळला जातो. शेजारी बसणाऱ्या क्वालिटीतल्या मॅडम परवा म्हणाल्या, "काय गं, सकाळी सकाळी कोणावर चिडलीस?" म्हटलं, "जुनं आहे, तुम्ही झोपा."

आमच्याकडे दिवाळी सरली की गवताचे दिवस येतात. डहाणूपासून तलासरीपर्यंत, पावसाळ्यात ज्या हिरव्याचे सगळे फोटो काढत सुटतात, ते हिरवं ऑक्टोबरच्या उन्हात पिवळं पडतं. कुठे कमरेएवढं, कुठे छातीएवढं. मग पाड्यापाड्यांतून माणसं विळे घेऊन निघतात. सकाळचं गार असतं तोवर कापायचं, कापलेलं तसंच ओळीने पसरून वाळू द्यायचं, मग पेंढ्या बांधायच्या, गंजी रचायच्या. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी आमच्या माळावरचं खाऊन दूध देतात, पण हे कुणी दुधाच्या पिशवीवर छापत नाही. आणि गवत कापलं की एका आठवड्यात जमीन उघडी पडते. जिथे चार महिने पाय टाकायची छाती होत नाही, तिथे सरळ सपाट मैदान. गवत असेतो माळ शेठचा, ज्याने तो कापायला घेतलाय त्याचा. गवत गेलं की तो कुणाच्या बापाचा नसतो. गुरं येतात, क्रिकेटवाले येतात. आणि आम्ही यायचो, कारण आमच्याकडे एक गाडी होती आणि ती चालवायला दुसरी जागा नव्हती.

गाडी म्हणजे शोरूममधली नव्हे. लोखंडी पाइपांचा सांगाडा, एक सीट, चार जाडजूड टायर, मागे लहानसं इंजिन आणि त्या इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारी एक चेन. दार नाही, काच नाही. दगडधोंड्यांतून, चिखलातून पळायला बनवलेली. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या पोरांनी अशा गाड्या स्वतः बनवायच्या आणि दूरच्या एका स्पर्धेत नेऊन पळवायच्या, असा तो प्रकार. आमचं कॉलेज तलासरीच्या अलीकडे, हायवेपासून आत. पहिली गाडी दोन हजार चौदात बनली तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते आणि वर्कशॉपच्या दारात उभी राहून बघायचे. पुढे आत शिरले. शेवटच्या वर्षाला पोचेपर्यंत टीमची कॅप्टन झाले होते. डहाणू रोड स्टेशनवर नोकरी करणाऱ्या माणसाची मुलगी, हातात पाना, नखांत ग्रीस. आई म्हणायची, हिला कोण करून घेणार. मी म्हणायचे, मला कुणी करून घ्यायचं नाहीये, मीच काहीतरी करून घेणार आहे.

त्या वर्षी स्पर्धेत आमची गाडी अर्ध्यावर बंद पडली होती. हे खरं आहे आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण बंद तर किती तरी गाड्या पडल्या, मोठ्या शहरांतल्या मोठ्या कॉलेजांच्याही पडल्या. परत गेल्यावर त्यांना कुणी बोललं नसणार. आम्हाला बोलले. दिवाळीच्या सुटीनंतर कॉलेज उघडलं त्याच दिवशी आमच्या विभागप्रमुख सरांनी मला आणि निलेशला केबिनमध्ये बोलावलं. निलेश म्हणजे आमचा ड्रायव्हर, चिखले गावचा, बोलायला शांत आणि चालवायला राक्षस.

सर म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून गाडी वापीच्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेऊ. व्यवस्थित होईल. मुलांनी रंग द्यायचा, स्टिकर लावायचे, चालवायची. टीम सांभाळायला एक लेक्चरर नेमतो. कॅप्टनबिप्टन नको आता."

मी म्हटलं, "मग मुलं शिकणार काय, सर?"

"बघून शिकतील. हे बघ हर्षदा, झेपेल तेवढंच करावं. शेवटी ह्या भागातली पोरं आहेत ही."

ह्या भागातली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सर स्वतः इतकी वर्षं डहाणूत राहत होते, इथले चिकू खात होते, इथल्या समुद्रावर संध्याकाळी फिरत होते, आणि ह्या भागातली पोरं म्हणजे जणू पावसाळ्यात रस्त्याला पडणारे खड्डे, ज्यांचं काही करता येत नाही. मी तोंडाळ आहे हे मला मान्य आहे. मी सरांना म्हटलं, की आमच्या ज्युनिअरना ही गाडी पूर्ण खोलून द्या, ते ती पुन्हा जोडून चालवून दाखवतील.

सर हसले. "जोडणार तुम्ही आणि नाव त्यांचं. मला माहीत नाही का?"

"आम्ही बोट लावणार नाही. हात मागे घेऊन उभे राहू. त्यांनी विचारलं तर सांगू, नाही विचारलं तर गप्प."

निलेशने खालून माझ्या बुटावर बूट ठेवला. उशीर झाला होता. सर खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, ठीक. परीक्षेच्या आधी संस्थेचे लोक कॉलेजला यायचे आहेत. त्यांच्यासमोर, माळावर, ज्युनिअरनी स्वतः जोडलेली गाडी चालली, तर टीम मुलांच्या हातात राहील. नाही चालली, तर वापी. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की निकाल त्यांना आधीच ठाऊक असावा असं वाटलं. बाहेर आल्यावर निलेश म्हणाला, "तुझं तोंड एक दिवस आपल्याला मारणार आहे." म्हटलं, मारू दे, गप्प बसून मरण्यापेक्षा बरं.

हल्ली आमच्या कंपनीत नेतृत्वाचं ट्रेनिंग असतं. हॉटेलच्या हॉलमध्ये नेतात, पोटभर जेवायला घालतात. एक टायवाला येतो, आम्हा मोठ्या माणसांना वर्तमानपत्राचे उंच मनोरे करायला लावतो आणि मनोरा पडला की टाळ्या वाजवतो. लीडर म्हणजे कोण, असं विचारतो. कुणी म्हणतं दूरदृष्टी, कुणी म्हणतं प्रेरणा. मी मागच्या खुर्चीवर बसून समोसा खाते. मला विचारलं तर सांगेन, की आधी ह्यांना एक खोललेली गाडी द्या आणि ज्याला ती जोडता येते त्याला तिच्याजवळ हात मागे घेऊन उभा करा. पण विचारत नाहीत.

गाडी आम्ही दोन दिवसांत खोलली. वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये निळी ताडपत्री अंथरली आणि सगळा सांगाडा, चाकं, इंजिन, स्टिअरिंग, ब्रेकच्या नळ्या मांडून ठेवल्या. नट-बोल्टसाठी पोरांनी घरून फराळाचे रिकामे डबे आणले होते. त्यामुळे आमच्या बोल्टांना कित्येक दिवस चिवड्याचा वास यायचा आणि मुंग्या लागायच्या. हे सगळं खोलताना आमचे हात चालले, ते शेवटचे. त्यानंतर हात मागे.

ज्युनिअरांतून कॅप्टन कुणाला करायचं हे ठरायचं होतं. निलेशच्या डोक्यात हितेश होता. डहाणू गावातला, बापाचं हार्डवेअरचं दुकान, घरात गुजराती, वर्गात इंग्लिश, आमच्याशी मराठी, तिन्ही सफाईदार. स्वभावाने लोणी. सरांनाही तो चालला असता. माझ्या डोक्यात कुणीच नव्हतं. डोक्याला ताप मात्र एक होता, तिचं नाव सविता.

सविता मला आवडायची नाही, हे आधीच सांगते. तलासरीच्या पलीकडच्या एका पाड्यावरून यायची. थोडं चालत, मग डुगडुगणाऱ्या जीपमध्ये दाटीवाटीने. दिवाळीनंतर तिचे आईवडील गवत कापायला जायचे आणि सुटीच्या दिवशी तीही जायची. ह्यात तिला सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं आणि लपवण्यासारखंही नाही. गरीब गाय वगैरे अजिबात नव्हती. तोंडाने माझ्यावर वरचढ. ताडपत्रीवर उकिडवी बसून एकेक वस्तू उचलायची आणि विचारायची, "ताई, हे का?"

"तो बोल्ट आहे."

"बोल्ट आहे ते दिसतं. इथं एवढा मोठा का? बाजूला तर छोटा आहे."

सांगितलं. मग पुढचं. "हे वाकडं का?" "ही नळी वरून का नेली, खालून का नाही?" हितेश आणि बाकीची पोरं विचारायला लाजायची, की ताईंना वाटेल एवढंही येत नाही. ही लाजायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मागच्या बाजूचा तो जाड पत्रा उचलला. आम्ही त्याला ताट म्हणायचो. ताटाएवढाच, कडा वळवलेला, चेनच्या पुढे आणि खाली बोल्टने बसायचा. वजनदार. गाडी पळताना खडखड वाजायचा आणि निलेश दर वेळी त्याला शिव्या द्यायचा.

"हे का?"

मी निलेशकडे बघितलं. निलेशने माझ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "चिखल उडू नये म्हणून." सविता म्हणाली, चिखल तर वरून पण उडतो, वर काही नाही. मी म्हटलं, मागे जरा वजन हवं म्हणून असेल. ती म्हणाली, मग मधोमध असतं, एका बाजूला का? शेवटी मी म्हटलं, "अगं, ते आधीपासून आहे. पहिल्या गाडीला होतं, दुसरीला होतं, आमच्या गाडीलाही आहे."

"म्हणजे तुम्हाला पण नाही माहीत."

ती हे चिडवायला बोलली नव्हती, नुसतं नोंदवून ठेवलं आणि ताट बाजूला भिंतीला टेकवलं. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. घरी जाईपर्यंत धुसफुसत होते. आणि मग जेवताना माझं मलाच कळलं, की मी एवढी चिडले म्हणजे तिने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, कॅप्टन सविता.

निलेश मला कोपऱ्यात घेऊन गेला. "तुला वेड लागलंय का? ती आपल्यालाच उलटं बोलते."

"म्हणूनच. सरांनाही बोलेल."

हात मागे ठेवणं हे सांगायला सोपं. करून बघा. समोर हितेश चुकीच्या मापाचा पाना घेऊन नटाचे कोपरे झिजवतोय, तुम्हाला दिसतंय, आणि तुम्ही विटेवर उभे. पहिल्या दिवशी माझे हात चार वेळा पुढे गेले आणि चारही वेळा निलेशने खाकरून परत पाठवले. मग मी मागे बोटांत बोटं गुंफून ठेवायला शिकले. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. निलेशला सहन व्हायचं नाही, तो उठून टपरीवर जायचा आणि भजी घेऊन यायचा. आणि गंमत अशी, की आम्ही गप्प राहिलो तशी ती पोरं एकमेकांशी बोलायला लागली. हितेशने झिजवलेला नट त्याने स्वतःच घरच्या दुकानातून बदलून आणला आणि तो पाना पुन्हा कधी उचलला नाही. मी शंभरदा सांगून जे झालं नसतं, ते एका झिजलेल्या नटाने केलं.

बाबांना घरी हे सगळं सांगितलं. त्यांचं सगळं आयुष्य रेल्वेत ड्यूटी बदलताना चार्ज देण्याघेण्यात गेलं. म्हणाले, "चार्ज दिल्यावर मी कधी मागे वळून खुर्चीकडे बघितलं नाही. बघितलं की पुढचा माणूस तुझ्याकडे बघत बसतो, रुळाकडे नाही." मी म्हटलं, बाबा, तुमचा माणूस तरी तयार असतो. ते म्हणाले, कुठला तयार, खुर्चीत बसला की होतो.

गाडी जोडत आली. सगळं बसलं आणि ताट भिंतीला टेकून राहिलं. मला वाटलं विसरली. म्हटलं, "सविता, ते राहिलं."

"राहिलं नाही. मी नाही लावत ते."

"लाव."

"का लावू?"

"मी सांगते म्हणून."

ती पाना खाली ठेवून उभी राहिली. माझ्यापेक्षा वीतभर बुटकी. म्हणाली, "सर पण असंच बोलतात, ताई."

आजवर मला बरेच जण बरंच काही बोलले आहेत. आई तर रोजच बोलते. पण हे एक वाक्य असं बसलं, की मी शेडच्या बाहेर येऊन आंब्याच्या झाडाखाली उभी राहिले आणि बराच वेळ आत गेले नाही. पोरांना सरांच्या हातून वाचवायला निघालेली मी, आणि बोलत होते सरांच्याच तोंडाने. राग आला, तिचा आला, माझा आला, त्या मेल्या पत्र्याचा आला. मग आत जाऊन म्हटलं, "नको लावूस. तुझी गाडी आहे."

गाडी दाखवायच्या दिवशी माळ अर्धाच कापून झाला होता. एका अंगाला स्वच्छ जमीन, मधोमध एक गंजी, आणि पलीकडे कापलेलं गवत ओळीने वाळत पडलेलं. त्याच्याही पलीकडे उभं गवत आणि ते कापणारी माणसं. तिथेच कुठेतरी सविताची आई होती. चिंचेच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. प्रिन्सिपल मॅडम, संस्थेचे दोन पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ आणि सर. गंजीला वळसा घालून, पलीकडच्या कडेने जाऊन परत यायचं, एवढंच होतं. निलेश आणि मी खुर्च्यांच्या बाजूला उभे, हात मागे.

सविता सीटवर बसली, पट्टे आवळले, हेल्मेट घातलं. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झालं. गाडी निघाली आणि खडखड अजिबात नाही, नुसता इंजिनाचा आवाज. निलेश हळूच म्हणाला, "च्यायला, किती गुळगुळीत पळते." ती गंजीला वळसा घालून पलीकडे गेली, वाळत पडलेल्या गवताच्या ओळींत शिरली, आणि तिथे गाडीचा आवाज बदलला. इंजिन ओरडायला लागलं. मग करकर असा घाणेरडा आवाज आला, आणि गाडी थांबली.

संस्थेच्या एका गृहस्थाने विचारलं, "झालं का?" सर उठले. मला म्हणाले, "जा, बघ काय झालंय."

निलेशने एक पाऊल टाकलंसुद्धा. मी म्हटलं, "निलेश, हात." तो थांबला.

"हट्टीपणा पुरे," सर दबक्या आवाजात म्हणाले. "तुझ्या हट्टापायी टीम जाईल, कळतंय का?"

कळत होतं. मागे गुंफलेल्या बोटांची नखं हाताच्या पाठीत रुतत होती. त्या गाडीवर मी माझी तीन वर्षं घातली होती. धावत गेले असते तर कदाचित पटकन निस्तरता आलं असतं. पण मग ती गाडी चालली असती माझ्या हातांनी, आणि सरांचंच खरं झालं असतं. मी म्हटलं, "गेली तर जाऊ दे, सर. पण हात त्यांचेच लागतील."

लांबून दिसत होतं ते असं. सविता उतरली, हेल्मेट काढून सीटवर ठेवलं, पोटावर आडवी झाली आणि गाडीखाली बघितलं. हितेश पान्यांची पेटी घेऊन धावत निघाला होता, तो पोचायच्या आधी ती उठली आणि गाडीकडे पाठ करून सरळ कापणाऱ्या माणसांकडे चालायला लागली. सर म्हणाले, "ही कुठे चालली?" मला तरी कुठे माहीत होतं. एका बाईसमोर ती थांबली, काहीतरी बोलली, आणि त्या बाईच्या हातातला विळा घेऊन परत आली.

चेनभोवती गवत गुंडाळलं गेलं होतं. सुकलेलं, दोरीसारखं पिळलेलं, दात्यांत घट्ट बसलेलं. सविता आडवी पडून विळ्याने ते कापायला लागली. हितेश ओढून काढत होता. चहा आला, खुर्च्यांवरच्या लोकांनी तो प्यायला, कप गोळा झाले. गृहस्थांनी विचारलं, "काय करतेय ती?" प्रिन्सिपल मॅडम डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या, "गवत कापतेय." मग हितेशने चेन पुन्हा चढवली. सविताने विळा आईला नेऊन दिला, आईने बोट लावून धार बघितली आणि तोंड वाकडं केलं. पोरगी परत येऊन सीटवर बसली, ह्या वेळी वाळत घातलेल्या ओळी टाळून लांबचा वळसा घेतला, आणि गाडी आमच्यासमोर आणून उभी केली.

केसांत गवत, कोपराला खरचटलेलं. ती सरांकडे गेली नाही. माझ्याकडे आली. "ताई, ताट कशाला होतं ते कळलं. गवत चेनमध्ये जाऊ नये म्हणून. परत लावते."

सर म्हणाले, "मग काढलंच कशाला होतंस?"

"कोणी कारण सांगितलं नव्हतं, सर."

ती हे माझ्यावर ढकलत नव्हती आणि सरांवरही नाही. होतं ते बोलली. संस्थेचे गृहस्थ हसले आणि म्हणाले, मुलगी हुशार आहे. सरांनी जाऊन चेन वाकून बघितली. मग खुर्ची उचलायला आलेल्या शिपायाला बाजूला व्हायला सांगून माझ्याजवळ आले. म्हणाले, "ठीक आहे. वापी राहू दे." शाबासकी दिली नाही. आम्हाला नकोच होती. निलेशने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघांनी एकदम हात पुढे घेतले, तेव्हा कळलं, खांदे किती दुखताहेत.

संध्याकाळी निलेशने पहिल्या टीमच्या कॅप्टनला फोन लावला. तो पुण्यात नोकरीला होता. ताटाचं विचारल्यावर म्हणाला, "अरे, गवत ना. आम्ही पण तिथेच अडकलो होतो, मग पत्रा ठोकला. सांगितलं नव्हतं का?" नव्हतं. त्याने सांगितलं नव्हतं, पुढच्यांनी विचारलं नव्हतं, आणि आम्ही तीन वर्षं एक जड पत्रा गाडीला बांधून फिरत होतो. नशीब की बांधून फिरत होतो. पण नशिबावर टीम चालत नाही, आणि ह्याचा मला अजूनही संताप येतो. पुढाऱ्याच्या पोराला खुर्ची मिळते, साहेबाच्या माणसाला केबिन मिळते, सगळं मिळतं. फक्त हे का असं आहे, ते कुणी सांगत नाही. मग पोरं एक तर ते डोक्यावर घेऊन नाचतात, नाही तर फेकून देतात, आणि दोन्ही वेळा शिव्या पोरांनाच. ह्या भागातली पोरं म्हणे.

परवाच्या रविवारी सुटी होती. बसच्या खिडकीतून वास घेऊन घेऊन राहवेना, तेव्हा स्कूटी काढून कॉलेजच्या माळावर गेले. गाडी दाखवली त्याला दोन वर्षं झाली. सविता पास होऊन पुण्याला नोकरीला लागली, तिच्यानंतर आणखी एक कॅप्टन होऊन गेला. मला ओळखणारं तिथे कुणी नव्हतं. माळ नुकताच कापला होता. कडेला निळी ताडपत्री, तीच की दुसरी कुणास ठाऊक, आणि तिच्यावर खोललेली गाडी. फराळाचे डबे. ताट होतं, त्याच्यावर पांढऱ्या रंगाने कुणीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, गवतासाठी. पुढच्या जाडजूड पाइपवर लिहिलं होतं, बारीक असला तर बंप लागला की वाकतो म्हणून. असं जागोजागी. मी वाचत वाचत गाडीभोवती फिरले.

एक मुलगा चाकाचा नट तिरपा चढवत होता. आटे खराब होणार, हे मला दहा पावलांवरून दिसलं. मी वाकले, त्याच्या बाजूचा पाना उचलला आणि म्हटलं, थांब, असं नाही.

"ताई, हात मागे."

मागून आवाज आला. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलगी असेल, ओढणी कमरेला बांधलेली, कपाळाला ग्रीस. मला आधी हसू आलं आणि लगेच रागही आला. मला सांगतेस? मला? ओठांवर आलं होतं, पोरी, हे कुणी सुरू केलं ठाऊक आहे का तुला. नाही बोलले. तिची परीक्षा घ्यावी म्हणून एवढंच विचारलं, "हात मागे का?"

आधीपासून आहे, असं म्हणाली असती तर मी तिथेच भांडले असते.

ती म्हणाली, "कारण उद्या तुम्ही नसणार."

मी पाना होता तिथे ठेवला आणि हात मागे घेतले. मानेवर एक कुसळ टोचत होतं, तेही काढलं नाही.